तपासणीनंतरचे तीनशे चौसष्ट दिवस

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, नीरा आणि भीमा यांच्या संगमावर नरसिंहपूर वसले आहे. इंदापूर तालुक्याचे हे कडेचे गाव. पात्र ओलांडले की सोलापूर जिल्हा लागतो. विंचूरकरांच्या आश्रयाने उभे राहिलेले लक्ष्मी-नृसिंहाचे मंदिर, संगमाकडे उतरणारा घाट आणि वैशाख शुद्ध चतुर्दशीचा नृसिंह जयंतीचा उत्सव यांमुळे महाराष्ट्रातील असंख्य घराण्यांचे पाय या क्षेत्राकडे वळतात. येथील वालुकामय मूर्ती प्रत्यक्ष प्रल्हादाने घडविली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. प्रल्हादाची कथा घराघरात सांगितली जाते. पण तीत शंड आणि अमर्क या त्याच्या दोन गुरूंचा उल्लेख येतो, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. शिष्यावर संकटामागून संकट कोसळत असता हे गुरुजी त्याचे रक्षण करू शकले नाहीत. त्यांचे काम पाठ घेण्याचे होते. रक्षणकर्त्याला खांबातून प्रकट व्हावे लागले.

नीरा-भीमेच्या काठावरील आजच्या शाळांतही खांब आहेत, गुरुजी आहेत, बाईही आहेत. पाठ घेण्याचे काम ही मंडळी आपापल्या परीने निष्ठेने करीत असतात. परंतु वर्गात बसलेल्या मुलाचे शरीर ही नेमकी कोणाची जबाबदारी, या प्रश्नाचे उत्तर आपल्या व्यवस्थेने आजवर स्पष्टपणे दिलेले नाही. मुलाच्या आरोग्याकडे पाहणारे अनेक आहेत. शिक्षक आहेत, आशा सेविका आहे, उपकेंद्राची परिचारिका आहे, वर्षातून एकदा येणारे वैद्यकीय पथकही आहे. मात्र शाळकरी मूल हेच आपले मुख्य काम, असे म्हणू शकणारी एकही व्यक्ती त्यांत नाही.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंगे, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब यांचा शोध घ्यावा, हा त्याचा हेतू. आयुष शाखेचे दोन वैद्य, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. या पथकांमुळे हृदयाला छिद्र असलेली, ओठ-टाळू दुभंगलेली किती तरी बालके वेळेवर शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचली आहेत. २०२३ मध्ये राज्याने ‘जागरूक पालक, सुदृढ बालक’ ही विशेष मोहीमही राबविली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक विद्यार्थ्याची नियमित तपासणी व्हावी आणि त्याचे आरोग्यपत्रक असावे, असे नमूद केले. कागदावर पाहता चित्र समाधानकारक आहे.

अडचण अंकगणिताची आहे. शाळेत दीडशे मुले आहेत आणि पथकाच्या हाती पाच तास आहेत, असे धरले, तर दोन वैद्यांत मिळून एका मुलाच्या वाट्याला चार मिनिटे येतात. तेवढ्या वेळात उंची, वजन, दात, डोळे, कान, छाती, त्वचा असे सारे पाहायचे आणि नोंदही करायची. कुशल डोळ्याला चार मिनिटांतही पुष्कळ दिसते, हे मान्य. पण दिसलेल्या गोष्टीचे पुढे काय होते? पथकाची गाडी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी गेलेली असते. शाळेच्या कपाटात एक यादी उरते आणि मुलाच्या दप्तरात एक चिठ्ठी.

त्या चिठ्ठीच्या पुढच्या प्रवासाकडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण सारा प्रश्न तेथेच दडलेला आहे. समजा, चौथीतील एका मुलाला फळ्यावरची अक्षरे अंधुक दिसतात, हे तपासणीत आढळले. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना चष्मा विनामूल्य मिळतो. पण नेत्रतपासणीसाठी त्याला तालुक्याला न्यायचे कोणी? वडिलांनी त्या दिवसाची मजुरी बुडवायची. एका खेपेत काम झाले नाही, तर दुसरी खेप. चष्मा आलाच, तर वर्गातील मुले ‘चष्मिस’ म्हणून चिडवतात आणि आठवड्याभरात तो ट्रंकेत जाऊन पडतो. वर्ष सरते. पुढच्या तपासणीत त्याच मुलाच्या नावापुढे तोच शेरा लिहिला जातो. मधल्या काळात ‘अभ्यासात मागे’ हा आणखी एक शेरा प्रगतिपुस्तकात आलेला असतो आणि या दोन शेऱ्यांचा परस्परसंबंध कोणाच्याही ध्यानात आलेला नसतो.

कान फुटण्याचेही तसेच. ओढ्या-विहिरीत डुंबणारी आणि सदैव सर्दीने बेजार असलेली मुले. वाहणाऱ्या कानात आई मायेने कोमट तेल सोडते. हे करू नये, कान कोरडा ठेवावा, हे तिला कोणीतरी तिचा मान राखून, तिच्या उंबऱ्यावर बसून सांगायला हवे. फलक लावून ते काम होत नाही. घसा दुखून ताप येणे ही तर आपल्याकडे आजारात गणण्याचीही गोष्ट नाही. तथापि काही मुलांमध्ये घशातील जंतुसंसर्गातूनच पुढे संधिवाताचा ताप उद्भवतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होऊ शकतात. वेळेवर दिलेले साधे प्रतिजैविक ते संकट टाळू शकते. ती वेळ साधणारे कोणी रोजच्या रोज शाळेत असले पाहिजे.

आणि रक्तक्षय? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात पुरेसे रक्त नाही. मुलांमध्येही हे प्रमाण ३१ टक्के आहे. यावर उपाय म्हणून दर आठवड्याला लोहाची गोळी देण्याची योजना आहे. किशोरवयीनांना निळी गोळी, लहानांना गुलाबी. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंतनाशक गोळीही दिली जाते. योजना उत्तम आहे. पण सकाळी केवळ चहा घेऊन शाळेत आलेल्या मुलीला ती गोळी घेताच मळमळते. शौचाला काळे झाले की ती घाबरते. घरी सांगितले की घरचे म्हणतात, ‘असली गोळी खाऊ नकोस.’ पुढच्या सोमवारी गोळी तोंडात जाते आणि बाईंची पाठ वळताच खिडकीबाहेर पडते. नोंदवहीत मात्र शंभर टक्के वाटप झालेले असते. ही अप्रामाणिकता नव्हे. गोळी जेवणानंतर घ्यावी, लगेच चहा पिऊ नये, सोबत लिंबू-आवळा असावा, शौचाचा काळा रंग निरुपद्रवी आहे, अनवाणी शेतात फिरल्याने जंत शिरतात, हे सारे सांगून त्या मुलीच्या शंकेचे निरसन करण्यास ज्याला वेळ आणि अधिकार आहे, असा माणूसच तेथे नाही.

शिक्षकांवर हे काम सोपवून आपण मोकळे होतो. आयुष्मान भारत योजनेखाली २०२० पासून प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना ‘आरोग्यदूत’ करण्याचे धोरण आले. पोषण आहाराचा तांदूळ मोजणारे, निवडणुकीच्या याद्या तपासणारे, जनगणनेला जाणारे आणि रोज नव्या संकेतस्थळावर माहिती भरणारे शिक्षक आता आरोग्यदूतही झाले. त्यांनी आरोग्याचा पाठ जरूर घ्यावा. पण चौदा वर्षांच्या मुलीने पोटात दुखते म्हणून मान खाली घातली, तर गणिताच्या गुरुजींनी नेमके काय करावे? ती मुलगी त्यांना काही सांगणारही नाही. चार दिवस घरी राहील, मग आठ दिवस राहील आणि एके दिवशी तिचे नाव पटावरून कमी होईल. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झाले होते, असे हीच राष्ट्रीय पाहणी सांगते. घरात लग्नाची बोलणी सुरू झाली, हे एखादी मुलगी ज्या विश्वासाच्या स्त्रीपाशी सर्वांत आधी बोलू शकेल, ती शाळेतील परिचारिकाच असू शकते.

इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. भवानीनगर, बिजवडी, माळेगाव, सोमेश्वरनगर येथील साखर कारखान्यांची धुराडी दिवाळीच्या सुमारास पेटतात आणि बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड कुटुंबांच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर येऊ लागतात. त्यांच्यासोबत लेकरे येतात. पाचटाच्या कोप्यांत त्यांचे पाच-सहा महिने जातात. साखरशाळा झाल्या, गावाकडे हंगामी वसतिगृहे झाली. तरी फडावर येणारी मुले संपलेली नाहीत. मूळ गावच्या शाळेत पथक आले, तेव्हा हे मूल फडावर होते. फडाजवळच्या शाळेत पथक येऊन गेले, तेव्हा ते अजून गावी होते. वर्षातून एकच दिवस तपासणीचा असेल, तर तो चुकणे किती सोपे! याच मुलांना उसाच्या पाचटात सर्पदंशाचे भय सर्वाधिक, याच मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी अपुऱ्या आणि याच मुलींच्या कडेवर धाकटे भावंड. त्यांची नोंद एका केंद्राच्या परिचारिकेने दुसऱ्या केंद्राच्या परिचारिकेला कळविली, तर काम निम्मे होईल. पण कळविणारीही नाही आणि ऐकणारीही नाही.

तपासणी आहे आणि पाठपुरावा नाही, ही स्थिती जगात प्रथमच आपल्याकडे आलेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या शाळांत वैद्य मुलांना तपासत आणि खुपऱ्या, खरूज, उवा आढळल्या की घरी पाठवून देत. घरी पाठवलेली मुले उपचाराविना रस्त्यावर हिंडत आणि शाळा सुटली की इतर मुलांतच मिसळत! १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये लिलियन वाल्ड यांच्या पुढाकाराने लीना रॉजर्स ही परिचारिका चार शाळांसाठी नेमण्यात आली. तिने शाळेतच मलमपट्टी सुरू केली आणि दुपारनंतर घरोघर जाऊन आयांना समजावले. प्रयोग महिन्याभराचा होता. यश पाहून नगरपालिकेने आणखी परिचारिका नेमल्या आणि वर्षभरात आजारामुळे शाळेबाहेर काढल्या जाणाऱ्या मुलांची संख्या सुमारे नव्वद टक्क्यांनी घटली. वैद्याच्या तपासणीने मूल शाळेबाहेर गेले होते, ते परिचारिकेने परत आणले.

जपानने तर याहून पुढचे पाऊल टाकले. तेथे १९०५ मध्ये गिफू प्रांतात खुपऱ्यांच्या साथीसाठी शाळेत परिचारिका आली. १९४१ मध्ये तिला शिक्षकवर्गात स्थान मिळाले आणि १९४७ च्या शिक्षण कायद्याने ते पक्के झाले. आज जपानी शाळेत आरोग्याची स्वतंत्र खोली असते आणि तेथे बसणारी ‘योगो’ शिक्षिका इतर शिक्षकांच्या बरोबरीने मानली जाते. गुडघा खरचटलेले मूल तेथे जाते आणि मन खरचटलेलेही तेथेच जाते.

भारतात बडोद्यात १९०९ मध्येच शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली होती. म्हणजे आपण फार उशिरा जागे झालो, असेही नाही. पण भोर समितीने १९४६ मध्ये पाहिले, तेव्हा शालेय आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नसल्याचे तिला आढळले. स्वातंत्र्यानंतर १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली खास शालेय आरोग्यासाठी समिती नेमली गेली. त्यानंतर कार्यक्रम आले, त्यांची नावे बदलली, पण गावच्या शाळेत परिचारिकेची खुर्ची काही आली नाही. अपवाद आहेत. केंद्र सरकारच्या निवासी नवोदय विद्यालयांत परिचारिकेचे पद असते. शहरांतील महागड्या खाजगी शाळांच्या माहितीपत्रकात ‘पूर्णवेळ परिचारिका उपलब्ध’ असे ठळक छापलेले असते. म्हणजे गरज सर्वांनाच पटलेली आहे. ती नरसिंहपूरच्या मुलांनाही लागू होते, एवढेच पटायचे राहिले आहे.

यावर पैशाचा आक्षेप येणारच. प्रत्येक शाळेला परिचारिका देणे राज्याला परवडणारे नाही, हे खरेच आहे आणि तशी मागणीही नको. जिल्हा परिषदेच्या शाळांची रचना केंद्रांमध्ये आहे. दहा-बारा शाळांचे एक केंद्र, त्यावर केंद्रप्रमुख. केंद्राला एक परिचारिका दिली, तर ती प्रत्येक शाळेत पंधरवड्यातून एकदा निश्चित पोहोचेल आणि तिच्या वहीत प्रत्येक मुलाचे नाव असेल. पथकाने शोधावे, तिने तडीस न्यावे. उपकेंद्राची परिचारिका हे करील, असे कोणी म्हणेल. सपाट प्रदेशात पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र हा निकष आहे. गरोदर मातांपासून लसीकरणापर्यंत आणि साथीच्या रोगांपासून रोजच्या ऑनलाइन नोंदींपर्यंत सारे तिच्याच शिरावर असते. तिच्या ओझ्यावर आणखी एक गाठोडे ठेवणे म्हणजे काम केल्याचे समाधान मिळवणे होय, काम करणे नव्हे. मुलाची काळजी घेणे हे आई-बापाचे कर्तव्य आहे, हा दुसरा आक्षेप. तो तत्त्वतः निर्विवाद आहे. परंतु ज्या घरातील दोन्ही कर्ती माणसे उजाडायच्या आत रानात जातात, त्या घराला कर्तव्याची आठवण देण्यापेक्षा हात देणे अधिक उपयोगाचे.

पद निर्माण करूनही एक प्रश्न उरतो आणि त्याची चर्चा सहसा होत नाही. शाळेत नेमलेली परिचारिका एकटी असते. रुग्णालयात तिच्या बाजूला दहा सहकारी असतात, शंका आली तर ज्येष्ठ परिचारिकेला विचारता येते. शाळेत शिक्षकांच्या लेखी ती बाहेरची आणि रुग्णालयाच्या लेखी ‘शाळेवर बसणारी’. तिला हक्काचे व्यावसायिक वर्तुळ मिळाले नाही, तर वर्षभरात ती नोंदी भरणारी कारकून होऊन जाईल. शिक्षकांची दर महिन्याला केंद्रात शिक्षण परिषद भरते. तशीच तालुक्यातील शालेय परिचारिकांची बैठक नियमित भरावी. कोणत्या गावात खरूज पसरते आहे, कोणत्या शाळेत गोळी खिडकीबाहेर जाते, फडावरचे कोणते मूल परत गेले, हे तेथे बोलले जावे. वैद्याला न सुचणारी पुष्कळ उत्तरे अशा बैठकीत सापडतात. भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघटना १९०८ पासून कार्यरत आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदाही संमत झाला. शालेय परिचर्या ही स्वतंत्र शाखा म्हणून शिकविली जावी आणि तिचे स्वतंत्र प्रशिक्षण असावे, हा विषय या व्यासपीठांवर लावून धरायला हवा.

त्याचबरोबर ही नेमणूक अकरा महिन्यांच्या कंत्राटाची असता कामा नये. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांना सेवेत कायम होण्यासाठी २०२३ मध्ये राज्यभर संप करावा लागला. मुलाचा विश्वास मिळवायला एक वर्ष लागते. ज्या दिवशी तो मिळाला, त्याच दिवशी कंत्राट संपले, तर सारा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

आपल्या समाजाचेही याबाबत काही चुकते आहे, हे मान्य केले पाहिजे. चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले, त्यांत वैद्य आणि औषध यांच्या जोडीने परिचारकाला स्वतंत्र स्थान दिले. परिचर्येचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे त्याचे गुण गणले. इतका मान ज्या परंपरेने दिला, तिच्याच वारसांच्या घरात मुलीने परिचर्येचा अभ्यासक्रम निवडला की आजही कपाळावर आठी येते. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या पुणे सेवासदनाने त्या काळातील मुलींना, विधवांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठविले, तेव्हा लोकनिंदा किती झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. त्याआधी बारा वर्षे, १८९७ च्या प्लेगमध्ये, सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचविले आणि त्याच साथीत १० मार्चला देह ठेवला. त्यांना आपण शिक्षिका म्हणून वंदन करतो, ते योग्यच आहे. अखेरच्या दिवसांत मात्र त्या परिचारिका होत्या आणि त्यांच्या पाठीवर एक मूल होते.

शासकीय पदांची वाट पाहत असतानाही गावाला काही करता येण्याजोगे आहे. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तीत तीनचतुर्थांश सदस्य पालक आहेत. तपासणीनंतरची यादी या समितीच्या मासिक बैठकीत नावानिशी वाचली जावी, असा आग्रह एका पालकाने धरला तरी पुरे. अर्थात मुलींच्या खाजगी बाबी बैठकीत येऊ नयेत, एवढे तारतम्य ठेवून. निवृत्त परिचारिका आता बहुतेक मोठ्या गावांत आहेत. आठवड्यातून एक सकाळ शाळेला देण्याची विनंती त्यांना कोणी केली आहे काय? हंगामापुरती एक परिचारिका फडावर नेमणे साखर कारखान्यांना जड नाही. क्षेत्राच्या ठिकाणी उत्सवात अन्नदानासाठी रांगेने पावत्या फाडल्या जातात. त्यांतली एखादी पावती तालुक्याला नेत्रतपासणीस जाणाऱ्या मुलांच्या एस.टी. भाड्यासाठी, पुढची वजनकाट्यासाठी, त्याच्या पुढची शाळेतल्या एका खाटेसाठी आणि पडद्यासाठी फाडली गेली, तर संगमावरच्या देवाला ते अन्नदानाहून कमी वाटेल, असे मानण्याचे कारण नाही.

जूनच्या मध्याला शाळा उघडतील. पटावरच्या नावांपुढे जन्मतारीख, आधार क्रमांक, जात, बँकेचे खाते असे सारे रकाने भरले जातील. त्यांत आणखी एक रकाना आखून ठेवायला हरकत नाही. गेल्या वर्षीच्या तपासणीत काय आढळले आणि त्याचे पुढे काय झाले, हे त्यात लिहायचे. तो भरायला बसल्यावर गावाला आपोआप कळेल की, हे काम करायला एक माणूस कमी आहे.